पेंग्विनच्या शेजारी पांढरे अस्वल नको: मुलांचे तक्ते आणि चित्रपुस्तके छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लहान मुलांसाठी तक्ते, चित्रपुस्तके आणि कृतिपुस्तिका तयार करणारे प्रकाशक, संपादक व चित्रकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका शाळेत प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास शिकवते. आमच्या वर्गाच्या भिंतींवर लागणारे प्राण्यांचे तक्ते, मुलांच्या दप्तरांतली रंगीत चित्रपुस्तके आणि सुट्टीत सोडवण्यासाठी पालक हौसेने घेऊन देतात त्या कृतिपुस्तिका बहुतेक अप्पा बळवंत चौकातून येतात, आणि त्या आपण तयार केलेल्या असतात. पाठ्यपुस्तक हाती पडण्यापूर्वी, कित्येकदा अक्षरओळखही होण्यापूर्वी, मूल आपली चित्रे पाहूनच दूरच्या जगाची पहिली कल्पना मनाशी बांधते. म्हणून हे पत्र शिक्षण खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. विषय दोन प्रश्नांचा आहे: पेंग्विन कोठे राहतात, आणि कोणते प्राणी कळपाने राहतात. हे प्रश्न अनेक कृतिपुस्तिकांत असतात, त्यांची उत्तरे एका शब्दात मागितलेली असतात, आणि ती उत्तरे पुष्कळदा चुकीची, नाहीतर अर्धवट असतात.

पहिल्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर 'बर्फात' हे असते. त्यासोबतच्या चित्रात निळसर बर्फाचे मैदान, त्यावर दोन-तीन पेंग्विन, त्यांच्या शेजारी पांढरे अस्वल आणि मागे बर्फाचा घुमटाकार इग्लू अशी मांडणी मी अनेक तक्त्यांवर पाहिली आहे. हे सगळे एका ठिकाणी कधीच आढळत नाही. पांढरे अस्वल उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात, म्हणजे कॅनडा, अलास्का, ग्रीनलंड, नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड आणि रशियाचा उत्तर किनारा या भागांत राहते, आणि इग्लू बांधणारे इन्युइट लोकही तिकडचेच. पेंग्विन हा जवळजवळ सर्वस्वी दक्षिण गोलार्धातला पक्षी आहे. निसर्गात या दोन प्राण्यांची गाठ कधी पडलेली नाही आणि पडणारही नाही, कारण त्यांच्यामध्ये जवळजवळ संपूर्ण पृथ्वी आहे.

ही चूक किरकोळ आहे, लहान मुलांना एवढे बारकावे कशाला, असे मला एका विक्रेत्याने सांगितले होते. मला ते पटत नाही, कारण या एका चुकीमुळे पेंग्विनविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलाला कळायची राहून जाते. उत्तर ध्रुवाभोवती समुद्र आहे आणि त्याला जमिनीने वेढलेले आहे. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे आणि तिला समुद्राने वेढलेले आहे. त्यामुळे उत्तरेत अस्वल, कोल्हा, लांडगा हे जमिनीवरचे शिकारी पार बर्फापर्यंत पोहोचले, तर अंटार्क्टिकात जमिनीवरचा एकही मोठा शिकारी सस्तन प्राणी मूळचा नाही. तेथे पेंग्विनला भीती असते ती पाण्यात बिबट्या-सीलची आणि आकाशातून अंडी-पिल्ले पळवणाऱ्या स्कुआ पक्ष्याची. उडता न येणारा पक्षी उघड्या जमिनीवर हजारोंच्या संख्येने अंडी घालून निर्धास्त उभा राहू शकतो, यामागे हे एक मोठे कारण आहे. त्याच्या शेजारी अस्वल काढले की ते कारणच चित्रातून पुसले जाते, आणि 'अस्वल पेंग्विनला खात का नाही?' या मुलांच्या अगदी रास्त प्रश्नाला शिक्षकाजवळ चित्राला धरून उत्तर उरत नाही.

उत्तरेतही एकेकाळी पेंग्विनसारखा दिसणारा, उडता न येणारा मोठा काळा-पांढरा पक्षी होता. ग्रेट ऑक हे त्याचे नाव. तो उत्तर अटलांटिकमधील खडकाळ बेटांवर अंडी घालत असे. मांस, पिसे आणि तेल यांसाठी माणसांनी त्याची इतकी हत्या केली की १८४४ मध्ये आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर त्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. उत्तर आणि दक्षिण यांतील फरक दाखवायचाच असेल, तर अस्वलाच्या जागी या पक्ष्याचे चित्र काढावे आणि खाली ही हकीकत दोन ओळींत छापावी. चौथीच्या मुलांना ती समजते, आणि ती ऐकताना वर्ग शांत होतो हे मी पाहिले आहे.

आता 'बर्फात' या उत्तराविषयी. पेंग्विनच्या सुमारे १८ जाती आहेत आणि त्यांपैकी मोजक्याच अंटार्क्टिकाच्या बर्फाळ किनाऱ्यावर पिल्ले वाढवतात. त्यातही एम्परर आणि अ‍ॅडेली या दोन जाती खऱ्या अर्थाने त्या खंडाच्या रहिवासी म्हणता येतील. बाकीच्यांपैकी आफ्रिकन पेंग्विन दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर राहतो. केपटाउनजवळच्या बोल्डर्स बीचवर तर १९८० च्या दशकापासून त्याची वसाहत घरांच्या वस्तीला अगदी लागून आहे. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो, जेथे पलीकडे जगातील अत्यंत कोरड्या वाळवंटांपैकी एक पसरलेले आहे. न्यूझीलंडमधील पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन किनाऱ्यालगतच्या झाडीत घरटे करतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला सर्वांत लहान पेंग्विन जेमतेम एका फुटाहून थोडा उंच असतो आणि दिवसभर समुद्रात राहून अंधार पडताना घोळक्याने बिळाकडे परततो. आणि पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस बेटांवरचा पेंग्विन थेट विषुववृत्तावर राहतो. तेथील इसाबेला बेटाचा उत्तर भाग तर विषुववृत्ताच्याही उत्तरेला आहे.

इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या या पक्ष्यांना जोडणारा धागा बर्फ नसून थंड, अन्नाने समृद्ध समुद्र हा आहे. पेरू-चिलीच्या किनाऱ्याने वाहणारा हम्बोल्ट प्रवाह, नामिबियाच्या किनाऱ्याचा बेंग्वेला प्रवाह आणि गॅलापागोसजवळ खोलातून वर येणारे गार पाणी यांमुळे त्या उष्ण प्रदेशांतही मासे मुबलक असतात, आणि जेथे मासे तेथे पेंग्विन. उत्तरेकडे जायचे तर विषुववृत्ताजवळचा गरम, अन्नाने तुलनेने गरीब समुद्र ओलांडावा लागतो, आणि तो अडथळा पेंग्विनांना पार करता आलेला नाही. अमुक प्राणी अमुक ठिकाणी का राहतो याचे कारण त्याच्या अन्नाशी जोडून सांगता येते, ही परिसर अभ्यासातील पायाभूत समज आहे. पेंग्विनसारखे तिचे उत्तम उदाहरण हाताशी असताना आपण ते एका पांढऱ्या पार्श्वभूमीखाली झाकून टाकतो, याची मला खरोखर खंत वाटते.

या थंड प्रवाहाचा संबंध आपल्याशीही आहे. पॅसिफिकमध्ये एल निनो (विषुववृत्ताजवळचे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना) तीव्र झाला की पेरूच्या किनाऱ्याचे पाणी तापते, मासे दूर जातात आणि पेंग्विन उपाशी राहतात. १९८२-८३ च्या एल निनोत गॅलापागोसच्या पेंग्विनांची संख्या फार मोठ्या प्रमाणावर घटली होती. त्याच एल निनोचे नाव आपल्याकडे पावसाच्या अंदाजात दर उन्हाळ्यात ऐकू येते. ज्या हवामान खात्याचे पुण्यातील कार्यालय आपण सगळे शिमला ऑफिस म्हणून ओळखतो, त्या खात्याची माणसे भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांत अगदी सुरुवातीपासून सहभागी आहेत, आणि तेथील मैत्री व भारती या आपल्या केंद्रांवर हवामानाच्या नोंदी ठेवत आली आहेत. अंटार्क्टिकाच्या पानावर या दोन केंद्रांच्या जागा दाखवणारा छोटा नकाशा छापला, तर पुण्यातल्या मुलाला तो खंड परका वाटणार नाही.

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले, आणि तेव्हापासून सुट्टीत ते पाहून आलेली मुले आमच्या वर्गात नेहमी असतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो: तिथे बर्फ का नव्हता? काही पालक त्यांना सांगतात की बर्फ ठेवणे परवडत नसेल. खरे उत्तर असे आहे की हम्बोल्ट पेंग्विन मुळात बर्फावर राहतच नाही. त्याला गार हवा आणि गार पाणी लागते. तेथील दालनाचे तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस ठेवतात ते त्यासाठी. त्याच्या चोचीच्या मुळाशी जी गुलाबी, पिसे नसलेली त्वचा दिसते, तिच्यातून त्याच्या शरीरातील जास्तीची उष्णता बाहेर टाकली जाते. म्हणजे या पक्ष्याच्या शरीरात थंडीपासून बचावाइतकीच उन्हापासून बचावाचीही सोय आहे. मुलांनी ते गुलाबी ठिपके डोळ्यांनी पाहिलेले असतात, पण त्यांचा अर्थ सांगणारे पुस्तक त्यांच्या हाती नसते.

दुसरा प्रश्न कळपाचा. त्याची नेहमीची मांडणी म्हणजे पानाच्या डाव्या बाजूस हत्ती, हरीण, सिंह, लांडगा, पेंग्विन, मधमाशी. उजव्या बाजूस वाघ, बिबट्या, अस्वल. आणि वर 'कळपाने राहणारे' व 'एकटे राहणारे' अशी दोन शीर्षके. मुलाने रेघा ओढायच्या आणि पान उलटायचे. या मांडणीत प्रत्येक नावापुढे काही ना काही वगळले गेले आहे. हत्तीचा कळप म्हणजे नात्यातल्या माद्या आणि त्यांची पिल्ले, आणि त्यांच्यापुढे चालते ती वयस्कर, अनुभवी मादी. वयात आलेला नर कळप सोडून जातो. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड-आजऱ्याकडच्या शेतांत उतरणाऱ्या एकट्या टस्कराच्या बातम्या वाचणारे मूल विचारते की हत्ती कळपाने राहतात, मग हा एकटा का? आपल्या पानावर त्याला उत्तर मिळत नाही. गीरच्या सिंहांतही माद्यांचे छोटे गट वेगळे आणि नरांच्या जोड्या बहुतांश काळ वेगळ्या असतात, हे तक्त्यावर कधी आलेले मी पाहिले नाही.

पेंग्विनांत तर 'कळप' या एका शीर्षकाखाली किती वेगळी जगणी एकत्र बांधली जातात ते पाहण्यासारखे आहे. एम्परर पेंग्विन अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात, समुद्रावर गोठलेल्या बर्फावर पिल्ले वाढवतो. मादी एकच अंडे घालून समुद्राकडे निघून जाते, आणि नर ते अंडे पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून सुमारे ६५ दिवस उबवतो. वसाहतीवर आल्यापासून धरले तर त्याचा उपवास साडेतीन-चार महिन्यांचा होतो. या काळात शेकडो-हजारो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. वादळात घोळका इतका दाट होतो की आतल्या भागातील उष्णता ३५ अंशांच्याही वर जाते. पण कोणीही कायम आत नसतो आणि कोणीही कायम बाहेर नसतो. सगळे अगदी लहान पावले टाकत सरकत राहतात आणि घोळक्याची रचना बदलत जाते. त्यासाठी कोणी म्होरक्या लागत नाही. अ‍ॅडेली पेंग्विनही दाट वसाहतीत राहतो, पण तो शेजाऱ्याला चोचीच्या अंतराच्या आत येऊ देत नाही आणि संधी मिळताच त्याच्या घरट्यातला दगड पळवतो. पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनची जोडी तर दुसऱ्या जोडीच्या नजरेआड, झाडीच्या आडोशालाच घरटे करणे पसंत करते. तेव्हा 'पेंग्विन कळपाने राहतात' या वाक्याला बरोबरची खूण करायची की चुकीची, हे जात कोणती यावर ठरते.

एम्पररची पिल्ले थोडी मोठी झाली की आई-वडील दोघेही अन्नासाठी समुद्रावर जातात, आणि तेवढा वेळ ती पिल्ले पाळणाघरातल्या मुलांसारखी दाटीवाटीने एकत्र राहतात. परत आलेला पालक हजारो पिल्लांमधून आपले पिल्लू आवाजावरून ओळखतो, आणि फक्त त्यालाच भरवतो. एकत्र राहणे म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांचे करणे असे नव्हे, ही गोष्ट सात-आठ वर्षांच्या मुलांना सांगितली की त्यांच्याकडून जे प्रश्न येतात, ते रेघा ओढण्याच्या पानातून कधीच येत नाहीत.

सगळ्यांनी सगळ्यांचे करण्याची उदाहरणे पाहायला मात्र अंटार्क्टिकाला जायचे कारण नाही. शाळेच्या कुंपणावर कलकलाट करणारे सातभाई पाहावेत. त्यांच्या थव्यातील एका जोडीची पिल्ले वाढवायला थव्यातले इतर पक्षीही चारा आणतात, आणि बाकीचे जमिनीवर किडे टिपत असताना एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो. पावश्या आणि चातक त्यांच्या घरट्यात आपले अंडे घालतात, आणि मग त्या परक्या पिल्लालाही हा थवा भरवत बसतो. एकत्र राहण्याची किंमतही मुलांना येथेच दाखवता येते. ताडोबातील रानकुत्रे सांबरासारखी मोठी शिकार एकजुटीने करतात आणि परत आल्यावर पिल्लांसाठी मांस ओकून देतात. इंदापूर, बारामती आणि सासवडकडच्या माळरानांवर लांडग्यांची लहान कुटुंबे अजून टिकून आहेत. जुन्नरच्या उसात राहणारा बिबट्या एकट्याने फिरतो, कारण दबा धरून केलेल्या शिकारीत जोडीदाराचा उपयोग कमी आणि अडचण जास्त. पण मादीसोबत तिचे बछडे वर्षभराहून अधिक काळ असतात, हेही त्याच्या चित्राखाली यायला हवे.

भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर चित्रबलाकांची मोठी वसाहत भरते. झाडांवर घरट्याला घरटे लागलेले, प्रत्येक जोडी आपल्याच पिल्लांसाठी मासे आणणारी, आणि सुरक्षितता मात्र सगळ्यांची मिळून. पेंग्विनच्या वसाहतीशी इतके जवळचे साम्य पुणे जिल्ह्यात, एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर असताना आपल्या पुस्तकांत त्याचे एकही चित्र नसावे, हे मला समजत नाही. मधमाशीचेही तसेच. इमारतींच्या छज्जांखाली आणि पाण्याच्या टाक्यांवर लागणारे आग्या मोहोळ पुण्यातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. गांधीलमाशी जवळ आली की त्या पोळ्यावरील हजारो माशा क्रमाने पोटे उचलून लाट उठवतात आणि शत्रूला परतवतात. मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून याच शहरात आहे. संपादकांनी चित्र छापण्यापूर्वी तेथे एकदा विचारणा करायची ठरवली तर फार लांब जावे लागणार नाही.

पेंग्विनच्या राहण्याच्या जागेविषयी आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि तेथील एम्पररच्या पाच ज्ञात वसाहतींपैकी चारमध्ये त्या हंगामातील पिल्ले वाचली नाहीत, कारण पोहण्यायोग्य पिसे येण्याआधीच त्यांच्या पायाखालचा आधार गेला. आफ्रिकन पेंग्विनला २०२४ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले. त्याचे संकट बर्फाचे नाही. एकोणिसाव्या शतकात खतासाठी बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा खरवडून नेली गेली आणि घरट्यांची बिळे उघडी पडली, आणि आता त्याच्या वाट्याचे सार्डीन मासे कमी झाले आहेत. दोन्ही पक्षी पेंग्विनच आहेत, पण राहण्याच्या जागा वेगळ्या असल्याने त्यांची संकटेही वेगळी आहेत. सगळे पेंग्विन बर्फात राहतात असे शिकलेल्या मुलाला यांतली दुसरी बातमी समजणारच नाही.

आपल्या व्यवसायाच्या अडचणी मला ठाऊक आहेत. तक्त्याची किंमत कमी ठेवावी लागते, तयार चित्रे स्वस्तात मिळतात, आणि पालक रंग पाहून पुस्तक उचलतात. मी मागते आहे त्यातले बहुतेक बदल त्याच कागदावर, त्याच रंगांत होण्यासारखे आहेत. पेंग्विनच्या चित्रातून अस्वल आणि इग्लू काढावेत. एका बर्फाळ चित्राऐवजी चार छोटी चित्रे द्यावीत: बर्फावरचा एम्परर, कोरड्या किनाऱ्यावरचा हम्बोल्ट, झाडीतला पिवळ्या डोळ्यांचा आणि वस्तीजवळचा आफ्रिकन, आणि शेजारी जगाचा लहान नकाशा. कळपाच्या पानावर दोन रकान्यांऐवजी प्रत्येक प्राण्यापुढे तीन प्रश्न छापावेत: सोबत कोण असते, किती काळ असते आणि कशासाठी असते. उत्तरे मागच्या पानावर शिक्षकांसाठी द्यावीत, म्हणजे माझ्यासारख्या, प्राणिशास्त्र न शिकलेल्या शिक्षकांचीही सोय होईल. आणि त्या पानावरच्या प्राण्यांपैकी निम्मे तरी असे असावेत, जे महाराष्ट्रातल्या मुलाला आपल्या गावात, माळावर किंवा तलावावर पाहता येतील.

जूनमध्ये शाळा उघडतात, आणि त्यासाठीची छपाई उन्हाळ्यातच उरकली जाते. त्यामुळे पुढील वर्षाच्या तक्त्यांचे कच्चे नमुने जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला आणि एका प्राथमिक शिक्षकाला दाखवून घ्यावेत, एवढी विनंती आहे. पुण्यात या दोन्ही प्रकारची माणसे पुष्कळ आहेत, आणि अशा कामासाठी ती मोबदला न घेताही वेळ देतील अशी माझी खात्री आहे. आमच्या शाळेतील आम्ही शिक्षक आपले नमुने वर्गात मुलांसमोर ठेवून त्यांचे प्रश्न लिहून द्यायला तयार आहोत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
पुणे